धुणारीच्या हाताचं माप

निपाणीला आमचं घर बांधताना ह्यांना हॉलच्या भिंतीतच माशांची मोठी टाकी हवी होती. ती बसवायला बोरगावचा एक माणूस आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. भिंतीकडं न बघताच त्यानं पहिलं विचारलं, "टाकी धुणार कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

"या वैनी," म्हणत त्यानं मला भिंतीमागं, स्वयंपाकघराच्या बाजूला उभं केलं. बाही सारून हवेतच काच घासून दाखवली आणि मलाही घासायला लावली. मी तर लई जोरात घासली! माझा हात आरामात पोचला तिथं त्यानं कानावरच्या पेन्सिलीनं रेघ मारली. "टाकी धुवायचं दार हितं."

"टाकी एवढी खाली? शोभा काय राहील?" हे म्हणाले.

"अण्णा, धुणारीचा हात तळाला पोचला न्हाय, तर मासं सोडून शेवाळ बघत बसाय लागंल."

मी त्या रेघेकडं बघतच राहिले. अख्ख्या घरात माझ्या मापाची ती पहिलीच! तशीच वळले आणि स्वयंपाकघरात ओटा बांधणाऱ्या गवंडीमामांना हाक मारली, "मामा, ओट्याचा दगड बसवू नका. आधी माझी उंची घ्या!"