सील बनवणाऱ्या बायकांची लस

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बी.एस्सी., केमिस्ट्री. हे मी कोणी न विचारता सांगते आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. चामटोलीत आमची शेती आहे, पण नुसत्या भातावर घर चालायचे दिवस गेले. म्हणून मी आणि माझी वहिनी, दोघी आनंदनगरच्या एकाच कंपनीत. तिथे इंजेक्शनच्या बाटल्यांच्या तोंडावर बसणारी ॲल्युमिनियमची सील बनतात. मी तपासणीच्या लॅबमध्ये, परमनंट. ती पॅकिंगला, ठेकेदाराकडून. एकाच रिक्षाने जायचो आणि गेटवर वेगळ्या व्हायचो.

कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती तेव्हा सीलच्या ऑर्डरी इतक्या वाढल्या की रविवारही धड मिळेना. सगळा माल लसीच्या बाटल्यांसाठी. त्याच दिवसांत कॉलेजातल्या माझ्या जुन्या बाईंनी मला एका मोहिमेत ओढलं. मागणी सरळ होती. लस बनवायची रीत चार कंपन्यांनी कुलपात ठेवू नये, ज्यांना बनवता येईल त्या देशांना बनवू द्यावी, आणि श्रीमंत देशांनी गरजेपेक्षा जास्त साठा करून बसू नये. वेळ मिळेल तशी मी सह्या गोळा करत फिरायचे.

एकदा उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या एका जीन्सच्या कारखान्यात गेले. मालक सिंधी अंकल. माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बोलले, "बेटी, पहले मेरे को स्लॉट दिला. बाद में अफ्रीका देखेंगे."

"अंकल, माल जास्त बनला तर दोघांनाही मिळेल. तुम्ही धंदेवाले, तुम्हाला मी काय सांगू?"

"अरे, ये तो भाषण करती है!" ते कारागिरांकडे बघून हसले. पण सही केली. "फुकट का है ना? कोई नोटिस आया तो तेरा नाम बताऊंगा, हां."

घरी आले की वहिनी चहा ठेवायची आणि विचारायची, "मग? आज किती देशांना मिळाली?"

टोमणाच तो. कारण घरात तिलाच मिळाली नव्हती, आणि गरज सगळ्यांत जास्त तिलाच होती. तिला शुगर. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं की कुठूनही करा, पण डोस लवकर घ्या. मोबाईलवर स्लॉट उघडायचा आणि बघता बघता संपायचा. आमच्या जवळच्या केंद्रावर लांबलांबचे लोक गाड्या करून यायचे, सुई घ्यायचे, जाताना नदीकाठी फोटो काढायचे. आमची माणसं दारातून परत.

मग कंपनीने कॅम्प लावला. परमनंट कामगारांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी. मी लगेच एचआरच्या साहेबांना जाऊन सांगितलं की वहिनी माझ्या घरची आहे. साहेब हो बोलले. मला वाटलं, सुटलो.

रिक्षात वहिनीला सांगितलं, तर ती बाहेर बघत बोलली, "मी नाय घेणार."

"वैनी, डोकं फिरलंय का तुझं? शुगर आहे तुला."

"आम्ही सगळ्या एका टेबलाला काम करतो. मी तुझी वैनी म्हणून सुई घ्यायची, आणि दुपारी त्यांच्याच डब्यात हात घालायचा? त्यांना तोंड कसं दाखवू, बाय?"

"मेलीस तर दाखवायला तोंड राहणार आहे का?"

"मेले तर तुझी सुटका. चहा तुझा तू कर."

रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघायला लागला. त्या रात्री मला राग होता आणि भीतीही. भाऊ बोलला, "तिला समजवायला जाऊ नको. लग्नात पंगत वाढायला उभी राहिली की शेवटचं पोर बसेपर्यंत ती पाणीसुद्धा पीत नाही."

खरंच होतं ते. आणि ती एकटीच तशी नव्हती. आमच्या पॅकिंगच्या बायका कॅन्टीनच्या कोपऱ्यात चटई टाकून गोल बसायच्या. परमनंट, ठेक्याच्या, सगळ्या एकत्र. सगळ्या जमल्याशिवाय कोणी डब्याचं झाकण काढायचं नाही. हा नियम कोणी केला, कोणालाच माहीत नाही.

कॅम्पच्या दिवशी परमनंट बायका दंडावर कापूस दाबत आल्या आणि रोजच्यासारख्या बसल्या. ठेक्याच्या बायका आधीच बसलेल्या. डबे समोर, झाकणं बंद. मीही माझा डबा घेऊन वहिनीशेजारी बसले. एक परमनंट मावशी बोलली, "चला गं, भूक लागली." वहिनी बोलली, "तुमचं झालं, आमचं राहिलंय अजून." मावशीने झाकणावर ठेवलेला हात काढून घेतला. मग कोणाचंच झाकण निघेना.

सुपरवायझर धावत आला. "हे काय, उपोषण?"

"नाय हो. जेवायला बसलोय," वहिनी बोलली.

"मग जेवा की!"

"सगळ्यांचं झाल्यावर."

"कोण राहिलंय आता?"

"आम्ही."

जेवणाची सुट्टी संपली, लाइन सुरू होईना. एचआरचे साहेब आले. मला बघून बोलले, "मॅडम, तुम्ही लॅबच्या. तुम्ही ह्यात कशाला?"

"माझाही डबा बंद आहे, सर," मी बोलले. "ह्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एक सील बाहेर जात नाही. जगाच्या बाटल्या बंद करणाऱ्या ह्याच, आणि ह्यांनाच डोस नाही. ठेका तुमचा आहे, रोगाला ठेका कळत नाही."

हे वाक्य मी सकाळीच तयार करून ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू. पण साहेब हलले ते वाक्याने नव्हे. ऑर्डर अडली होती. त्यांनी फोन लावले, तोंडी कबूल केलं, आणि पुढच्या आठवड्यात ठेक्याच्या बायकांसाठी कॅम्प लागला. वहिनीने सुई घेतली आणि दुसऱ्या दिवशी तापाने झोपून राहिली. मी चहा केला. तिने तो पिऊन दाखवला.

त्याच संध्याकाळी मोहिमेची ऑनलाइन मीटिंग होती. मोबाईल उशीला टेकवून मी तिच्याजवळच बसले. आमच्या कंपनीची गोष्ट मी सांगणार होते. माझ्या आधी आफ्रिकेतल्या एका देशातली नर्स बोलली. त्यांच्या दवाखान्यात लसीचे खोके यायचे होते, ते आलेच नाहीत. नर्सनासुद्धा अजून पहिला डोस नाही. खोके भारतातून यायचे होते.

वहिनीने विचारलं, "काय बोलते ती?"

मी सांगितलं.

"आपल्याकडून जाणार होते? मग गेले का नाय?"

"आपल्यालाच पुरेना, म्हणून थांबवले."

तिने दंड चोळला. "म्हणजे मी घेतली ती तिची."

"असं नसतं, वैनी. तुझी तुला, तिची तिला मिळायला पाहिजे. जास्त ठिकाणी बनली तर मिळेल. आम्ही तेच तर मागतोय."

"मागा. पण आज तिचं ताट रिकामंच ना?"

श्रीमंत देशांचा पंक्तिप्रपंच मी तोंडपाठ सांगत फिरत होते. पंगतीत आम्ही शेवटी बसलोय असंच मी धरून चालले होते. आमच्याही पलीकडे कोणी बसलंय, हे मला कळत होतं, पण तिचा चेहरा असा समोर आला नव्हता.

माझी पाळी आली. मी कंपनीची गोष्ट सांगितली, आणि बोलले की ती सुई घेतलेली बाई इथेच आहे, तापाने पडलीय. नर्सने लगेच विचारलं, ताप किती आहे, पाणी पितेय का? मी वहिनीला मराठीत सांगितलं.

वहिनी उठून बसली, पदर सावरला आणि स्क्रीनकडे बघून बोलली, "तिला सांग, बाय, तुला पण लवकर ताप येवो."

हे इंग्रजीत कसं सांगायचं, मी अडखळले. मग शब्दाला शब्द सांगून टाकलं. नर्स आधी गोंधळली, मग इतकी हसली की तिने डोळे पुसले. बोलली, वाट बघतेय.

पुढच्या मीटिंगला ती नव्हती. मी सह्या गोळा करत राहिले. वहिनीही आता माझ्याबरोबर यायला लागली. त्या नर्सला ताप आला की नाही, ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही.