वरची पट्टी नवी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढे बसलं तरी मन या गोष्टीपाशी आलं की मी घाईघाईनं हात जोडून उठते. मग आज तुम्हाला का सांगते आहे? नीट माहीत नाही. तुम्ही आमच्या घरातले नाही, एवढं मात्र बरं आहे.

आधी माझी थोडी बढाई ऐका. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत माझ्याइतकं लख्ख घर कुणाचं नव्हतं. पाहुणा उठला की त्याच्यामागे चादर धुवायला. म्हणून तर सुमनबाईंना ऑपरेशननंतर माझ्याकडे ठेवायचं ठरलं. सुमनबाई म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, राहणार वडनेरच्या शेतीवर. त्यांची गर्भपिशवी काढली होती. वर्ध्याचा दवाखाना आमच्या घराहून जवळ, आणि सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “शोभाचा हात लय स्वच्छ आहे, पट्टी तीच करन.” मला ते किती आवडलं होतं!

नव्वदच्या दशकातला तो उन्हाळा. कूलर लावला तरी अंगाला घामाच्या धारा. नर्सनं मला सगळं नीट शिकवलं होतं. साबणानं हात धुवायचे, पट्टी उघडायची, आतली जुनी गॉजची घडी काढून फेकायची, जखम औषधानं पुसायची, कोरडी घडी ठेवायची, वर चिकटपट्टी. टाके काढेपर्यंत रोज. त्यात अवघड काय होतं?

घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी ते केलं. घडी उचलली आणि खाली गोधडीला घालावेत तसे काळ्या दोऱ्याचे टाके दिसले, त्यांच्या कडेनं सुकलेलं रक्त, आणि एक वास. वास तसा काही फार नव्हता, पण मला किळस आली. सुमनबाईंना कळू नये म्हणून मोरीतला नळ सोडून मी उलटी केली.

दुसऱ्या दिवशी — आता सांगतेच — मी दार लावलं, खळखळा हात धुतले, वरची चिकटपट्टी काढली आणि आतली घडी तशीच ठेवून वर नवी पट्टी लावली. तिसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढेही तेच. कोरी घडी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायची, सासूबाईंना दिसेल अशी. बाई आढ्याकडे बघत पडलेल्या असायच्या. आपल्याच पोटाखालचं त्यांना कुठून दिसणार? वर मलाच म्हणायच्या, “तुह्या हातानं काईच दुखत नाई व शोभा.” दुखेल कसं? मी जखमेला हात लावलाच कुठे होता?

मध्ये त्यांना कणकण आली. उन्हाळाच आहे, असं मी म्हटलं. सगळ्यांना पटलं.

टाके काढायच्या दिवशी नर्सनं पट्टी उघडली. घडी चिकटून बसली होती, ती ओली करून सोडवावी लागली. ती निघाली तसा खोलीभर वास सुटला. टाके काढताना जखम मधोमध उकलली आणि आतून पू आला. बाईंनी माझं मनगट गच्च धरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, ड्रेसिंग रोज होत होतं ना? मी म्हटलं, हो, रोज, मीच करते. आवाज जरासुद्धा हलला नाही माझा.

घरी आल्याबरोबर सासूबाईंनी चौकशी मांडली. आमच्याकडे टाके पिकले की आधी ताट तपासतात. भात खाल्ला का, आंबट खाल्लं का, वांगं खाल्लं का. “खरं सांग, काय खाल्लं व तुनं?” बाई रडायलाच लागल्या. “खाल्ला व माय. माह्या पोट्ट्याच्या ताटातला भात खाल्ला, दोन घास. उष्टा टाकून द्यायचा म्हणून खाल्ला.”

झालं. सगळ्यांना कारण सापडलं. मोठे दीर, बाईंचे मालक, बोलले, सासूबाई बोलल्या, शेजारची येऊन बोलून गेली. जिभेवर ताबा नाही म्हणाले बाईंना! आणि मी? मला सुटल्यासारखं वाटलं. दाराशी उभी राहून मीही मान हलवली. पू माझ्यामुळे झाला, हा एक गुन्हा. पण ही हललेली मान — ती मला जास्त टोचते.

डॉक्टर म्हणाले होते, आता टाके घालायचे नाहीत. रोज औषधाची पट्टी आत भरायची, जखम तळातून भरत वर येईल. भरायला पुन्हा मीच. या वेळी मात्र रोज केलं, प्रामाणिकपणे. माया म्हणून नव्हे, भीतीनं. काही झालं तर या वेळी भात नव्हता ना मध्ये!

आणि मग मी जे पाहिलं ते कसं सांगू? आधी सगळं पिवळट, मेलेलं. मग एका सकाळी तळाशी लालबुंद ठिपके, डाळिंबाच्या दाण्यांसारखे. दुसऱ्या दिवशी जास्त. बोट जाईल एवढं खोल होतं ते, आणि ते वर येत होतं, कुणी न सांगता, रात्रंदिवस. कडेनं नवी कातडी सरकत होती, दुधावर साय धरते तशी पातळ. माझी किळस कधी गेली कळलंच नाही. मी श्वास रोखून बघत बसायची. ज्या शरीराला मी फसवलं होतं, ते माझ्याच हाताखाली भरत होतं. माझ्यावर कसला राग नाही, कसली अट नाही. असं कसं असू शकतं? मला हात जोडावेसे वाटायचे, आणि जोडायची लाज वाटायची.

एकदा बाई म्हणाल्या, “मलेही दाखव ना व.” मी कुंकवाचा आरसा धरला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, “आपोआपच भरून राह्यलं काय हे? माह्या एवढ्या चुकीवरही?”

तेव्हा सांगायचं होतं. खोलीत दोघीच होतो. मी आरसा पुसून जागेवर ठेवला.

बाईंनी त्यानंतर भात सोडला. कायमचा. लग्नाच्या पंगतीत वाढपी आला की त्या ताटावर आडवा हात धरतात. मी शेजारी बसलेली असते आणि माझ्या ताटात भात असतो. त्या उन्हाळ्यात ऊन होतं, घाम होता, जखम तशीही पिकली असती, असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही. घडी मी बदलली नव्हती.

पुढे दोन हजारनंतर माझ्या मुलीचं सीझर झालं. बाई न बोलावता वडनेरहून एसटीनं आल्या. पट्टी त्यांनीच केली, रोज, आतपासून, नाक न मुरडता. मुलीला भाताचं शीतही लागू दिलं नाही. टाके कोरडे निघाले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाळ त्यांच्या हातांवर होतं आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

“पाह्य,” त्या मला म्हणाल्या, “भात नाई देल्ला तं कसे सुके निघाले टाके. माह्यं तवा भातानंच बिघडलं, नाई व?”

मी म्हटलं, “हो बाई. भातानंच.”