रविवारची सुई

शनिवारी संध्याकाळी दिवे लागले की माझी मावशी शिलाई मशीनवर चादर घालते, कात्री खणात टाकते, खणाला कुलूप लावते आणि किल्ली काकांच्या हातात देते. काका ती कोटाच्या खिशात टाकतात आणि दर शनिवारी तोच विनोद करतात, "झाली बाई कात्रीला अटक." मावशी यावर आजवर एकदाही हसलेली नाही. मग सोमवार उजाडेपर्यंत गल्लीत कुणाचं बटण तुटो, कुणाच्या पँटची चेन अडको, मावशी ढिम्म हलत नाही. रविवार प्रभूचा. त्या दिवशी काम नाही म्हणजे नाही. जेवणसुद्धा शनिवारीच रांधलेलं, गारढोण. काकांना गरम हवं असेल तर त्यांनी स्वतः करून घ्यावं आणि त्याचा जाब वर गेल्यावर स्वतःच द्यावा.

मावशी उंचीला बेताची आहे, आवाजाला नाही. गळ्यात मापाची टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या तोंडात धरूनही ती समोरच्याला झापू शकते. कॉलरच्या मागे काळा दोरा ओवलेली एक सुई कायम टोचलेली असते, रविवारच्या निळ्या पोशाखाच्या कॉलरलासुद्धा. मी एकदा त्यावरून छेडलं, तर म्हणाली, "सुई बाळगायला मनाई नाही. चालवायला आहे."

या नियमाला एकच अपवाद होता, काकांचा पाय. काकांनी उभा जन्म ट्राम चालवली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या पायाला जी जखम झाली, ती भरायचं नावच घेईना. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या छोट्या दवाखान्यात नर्सबाई त्यांची पट्टी बदलतात. काठी टेकत, वाटेत चार जणांशी गप्पा मारत काका तिथवर जाऊ शकतात, पण त्यापुढे नाही. रविवारी दवाखाना बंद, म्हणून त्या दिवशी पट्टी मावशी बदलते.

"हे काम नाही का गं?" काका विचारायचे.

"ही सेवा आहे. पाय हलवू नका."

निवडणूक आमच्याकडे कायम रविवारीच असते आणि मतदान चर्चला लागून असलेल्या सभागृहात. आता मतदान म्हणजे काम की नाही? मावशीने तो निकाल तरुणपणीच लावून टाकला होता. शिक्के, सह्या, टेबलं, कारकून, म्हणजे ऑफिसचं काम. त्यामुळे तिने जन्मात मत दिलं नव्हतं. बरं, सभागृहाचं दार चर्चच्या पुढच्या पायऱ्यांशीच. तिथून गेलं की कुणीतरी हटकणार. म्हणून मतदानाच्या दिवशी उपासना संपली की मावशी मागच्या दाराने निघायची, पाळकसाहेबांच्या वाफ्यातून, त्यांच्या कोंबड्यांना हाकलत. ज्या रविवारी कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येई, त्या रविवारी देशात निवडणूक आहे हे अख्ख्या गल्लीला कळायचं.

गंमत अशी की, दर रविवारी प्रार्थनेच्या वेळी उठून राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करायची तीही मावशीच. "हे प्रभू, आम्हाला चांगली माणसं दे," असं ती इतक्या खणखणीत आवाजात म्हणायची की देवानेही दचकून बघावं.

यंदाची निवडणूक मात्र आमच्या घरात शिरली. एक उमेदवार म्हणत होता, कोपऱ्यावरचा दवाखाना बंद करू, शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठं इस्पितळ आहेच की. त्याच्यासमोर उभ्या होत्या निवृत्त शाळामास्तरीणबाई. त्या म्हणत होत्या, दवाखाना हलणार नाही. काका वरून हसत होते, पण रात्रीचं जेवण अर्धं टाकून उठायचे. दुसऱ्या टोकाचं इस्पितळ म्हणजे दोन बस, एक जिना आणि दिवसभराची रांग. ते त्यांना जमणार नव्हतं, आणि पट्टी वेळेवर झाली नाही तर पाय जाईल, असं नर्सबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं.

पाळकसाहेब आदल्या रविवारी वेदीवरून म्हणाले, "कुणाला ते मी सांगणार नाही. ते तुमच्या आणि देवाच्या मधलं. पण जा." मावशी घरी येईपर्यंत धुसफुसत होती. "शब्बाथाच्या, विसाव्याच्या दिवशी कामाला जुंपतात, तेही वेदीवरून!"

दुसऱ्या दिवशी काकांनी पहिल्यांदा विनोद न करता विचारलं, "अगं, तू इतकी वर्षं चांगली माणसं मागतेस. त्याने बिचाऱ्याने मतांचं खोकं थेट चर्चच्या दाराशी आणून ठेवलं, तर तू कोंबड्यांतून पळतेस. त्याने करायचं तरी काय?"

मावशीने तोंडात टाचण्या धरल्या आणि ती मशीनवर वाकली. तोंडात टाचण्या असून मावशी गप्प, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मतदानाच्या रविवारी उपासना संपली. मावशी मागच्या दाराने गेली, काका आणि मी पुढच्या. सभागृहात रांग चांगली लांब होती. अर्धी रांग दवाखान्याचीच: कुणाच्या हातात काठी, कुणाच्या पायाला पट्टी, कुणी भिंतीला टेकून धापा टाकतंय. मत द्यायची जागा एकच, कोपऱ्यात, हिरव्या पडद्यामागे. आमचा बेकरीवाला आत गेला. गडी अंगाने भरलेला. बाहेर येताना त्याचा पाय पडद्यात अडकला, तोल सावरायला त्याने पडद्यालाच मिठी मारली, आणि टर्रकन आवाज झाला.

"वरपासून खालपर्यंत!" काका ओरडले, आणि मतदानाला आलेली सगळी मंडळी हसायला लागली. आमच्यात ही ओळ लहान पोरालाही पाठ असते. प्रभूने प्राण सोडला तेव्हा मंदिरातला पडदा असाच वरपासून खालपर्यंत फाटला होता. बेकरीवाला बिचारा कानापर्यंत लाल झाला.

केंद्रप्रमुख बाई मात्र हसल्या नाहीत. पडदा नाही तर गुप्तता नाही, गुप्तता नाही तर मतदान नाही. दुसरा पडदा मागवलाय, येईपर्यंत थांबा. टाचण्या लावून पाहिल्या, तर फटीतून सगळं दिसत होतं. कुणी म्हणालं, पाळकसाहेबांच्या घरची चादर आणतो. ती आली, तर इतकी विरलेली की आतला माणूस कुणाला मत देतोय ते रांगेच्या टोकावरूनही दिसलं असतं. अर्धा तास गेला, पडदा आला नाही. काठीवाल्या एक आजी म्हणाल्या, "मला नाही बाई उभं राहवत," आणि निघाल्या. त्यांच्यामागे आणखी दोघं. काकांचा चेहरा उतरला. जाणारा प्रत्येक जण त्यांच्या पायातलं बळ घेऊन जात होता.

"पळ," काका मला म्हणाले, "तुझ्या मावशीला सांग."

मावशी अजून वाफ्यातच घुटमळत होती. एका कोंबडीने तिची वाट अडवली होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. पडदा, रांग, आजी.

"रविवारी? मी सुई?" मावशीने डोळे वटारले. "तुझ्या काकांना म्हणावं, डोकं ठिकाणावर आहे का?"

"माणसं परत चाललीत गं मावशी. पायाला पट्ट्या बांधलेली माणसं."

तिने सभागृहाकडे पाहिलं. मग वळली आणि कोंबडीला ओलांडून तरातरा चालायला लागली. सभागृहात आली आणि दारातच थबकली. इतक्या वर्षांत तिने ही रांग पाहिलीच नव्हती. सुजलेले पाय, काठ्या, आणि त्या सगळ्यांत भिंतीला टेकलेला तिचा नवरा.

"हे सगळे इथे उभे असतात?" ती हळूच म्हणाली. "दर वेळी?"

"दर वेळी," काका म्हणाले. "तू कोंबड्यांत असतेस तेव्हा."

मावशीचे डोळे भरून आले. तिने ते बाहीने पुसले, कॉलरमागची सुई काढली आणि पडद्याशी जाऊन खाली बसली. "कुणी काही बोलायचं नाही," तिने बजावलं. "हे काम नाही. ही पट्टी आहे." खालून वर तिचे टाके असे भराभर चढत गेले की केंद्रप्रमुख बाई खुर्ची सोडून बघायला आल्या. वरचं टोक हाताला येईना, तेव्हा बेकरीवाल्याने स्टूल धरलं. तेवढं त्याच्याकडे देणं होतंच. मी तोवर धावत जाऊन काठीवाल्या आजींना आणि त्या दोघांना कोपऱ्यावरून परत आणलं.

दोरा दाताने तोडून मावशी स्टुलावरून उतरली. दार समोरच होतं. सगळ्यांना वाटलं, आता जाईल. ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

तिची पाळी आली तेव्हा ती पडद्याआड गेली आणि येईचना. केंद्रप्रमुख बाई घड्याळ बघायला लागल्या. काकांना राहवलं नाही. "अगं, शिवण तपासतेस का?" आतून उत्तर आलं, "प्रार्थना करतेय. गप्प बसा." बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बाप्तिस्म्याच्या दिवशीसारखा स्वच्छ दिसत होता.

शाळामास्तरीणबाई निवडून आल्या. दवाखाना तिथेच आहे, काकांचा पायही. पुढच्या रविवारी मावशी प्रार्थनेला उठली आणि म्हणाली, "हे प्रभू, माझ्या वाट्याचं मी केलं. आता तू त्यांच्याकडून करवून घे." पाळकसाहेबांनी सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं.

काका मात्र अजून एका गोष्टीसाठी झुरतात. त्यांना खात्री करून घ्यायची आहे. परवा मावशी त्यांची पट्टी बदलत होती, तेव्हा त्यांनी लाडीगोडी लावून पुन्हा विचारलं, "अगं, आता तरी सांग. मत कुणाला दिलंस?"

मावशीने गाठ मारली आणि त्यांचा पाय अलगद खाली ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "मग पडदा मी कशाला शिवला?"