गडमुडशिंगीचा शब्दकोश

आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल वहीत रेघा मारता मारताच उत्तरं द्यायचे. शिरोलीतल्या कंपनीत बढतीसाठी मला जपानीची परीक्षा द्यायची होती, म्हणून मी शब्दकोश मागितला.

"एकच हाय. गडमुडशिंगीला गेलाय."

"कधी येईल?"

"न्हाय येणार. नेणारा वारला."

मी दुसरीकडं शोधत राहिले. कुठंच मिळाला नाही. सोमवारी त्यांनी तोच शब्दकोश माझ्यापुढं ठेवला. रविवारी सायकलनं जाऊन आणला होता. पानोपानी पेन्सिलीनं मराठी अर्थ लिहिलेले. मी पर्समधून खोडरबर काढला.

"खोडू नका," ते म्हणाले. "नवऱ्याचं अक्षर हाय म्हणून बाई देईना झालती. परीक्षा झाली की हितं आणू नका. तिकडंच नेऊन द्या."