हिरवे ठिपके

पार्ल्याच्या आमच्या कॉलेजात दर मंगळवारी नेटवर्क बघायला एक जण येतो. मढचा कोळी. गळ्यात जाळं विणायचा नायलॉन दोरा, आणि त्याला लोंबणारा पेनड्राइव्ह. त्यात सगळी फुकटची सॉफ्टवेअरं. त्यातलं एक तो आधी उघडतो. ते कॉलेजातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला हाक मारतं आणि जो ओ देईल त्याचा स्क्रीनवर हिरवा ठिपका उमटतो. प्रत्येक ठिपक्याला हा हळूच "आला" म्हणतो, किनाऱ्यावर उभं राहून परतणाऱ्या होड्या मोजाव्यात तसा. हातातली फाईल विसरून मीही बघत बसते.

"हे बनवलं कुणी?" मी एकदा विचारलं.

"नाव माहीत नाय, मॅडम. तिकडे लांब कोणीतरी एकटाच माणूस आहे. पैसे घेत नाय. पाच-सहा महिन्यांनी नवीन आवृत्ती काढतो. ती आली की समजायचं, बरा आहे."

मग दोन वर्षं नवीन काहीच आलं नाही. ठिपके उमटायचे, पण ह्याचं "आला" थांबलं. प्राचार्य म्हणाले, आता विकतचं घेऊ. कधी नव्हे तो हा ताडकन बोलला, "थांबा ना, सर. माणूस दर्यात असताना त्याची जागा दुसऱ्याला देतात काय?"

गेल्या मंगळवारी तो पेढे घेऊन आला. टेबलाटेबलाशी जाऊन प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला.

"काय रे, मुलगा झाला काय?" शिपाईमामांनी विचारलं.

त्याने स्क्रीनकडे बोट दाखवलं. नव्या आवृत्तीखाली कालची तारीख होती.

"आला," तो म्हणाला.