साडूंचा काळोखा एपिसोड

माझ्या साडूंनी आयुष्यात फक्त एकदाच कोणाचं निमूट ऐकलं, ते स्वतःच्या लग्नात भटजींचं. आणि त्याचाही त्यांना पुढे पस्तावा झाला, असं माझी मेहुणीच सांगते. एरवी राजुऱ्यात त्यांच्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात शिरणाऱ्या माणसाला आधी 'नाई' ऐकावं लागे, मग चहा मिळे. डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली, तर त्यांनी डॉक्टर बंद केले. एका लग्नात कोणी मोठे पुढारी आले. सारा मांडव तिकडे धावला आणि वधूपित्यानं साडूंनाही कॅमेरा तिकडे फिरवायला सांगितलं. साडू शांतपणे पंगतीत भात वाढणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशीला टिपत राहिले. त्या कॅसेटमध्ये पुढाऱ्यांचा फक्त एक जोडा दिसतो. "लगन कोनाचं होतं?" एवढंच त्यांनी नंतर वधूपित्याला विचारलं.

असा माणूस मी लहान मुलांच्या मालिकेसाठी सुचवला, याला काही दूरदृष्टी म्हणता येणार नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईहून एक दिग्दर्शिका चंद्रपूरला आली होती. आपल्या जंगलातला एकेक प्राणी किंवा पक्षी घेऊन रविवारी सकाळी टीव्हीवर दाखवायचा, अशी तिची मालिका होती. शाळेत मराठी शिकवतो म्हणून निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. भर मे महिन्यात तिच्या कॅमेरामनला ऊन लागलं आणि तो परत गेला. मी साडूंचं नाव सांगितलं. साडूंनी अर्थातच नाही म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी नवा शर्ट घालून एसटीनं हजर झाले. टीव्हीवर आपलं नाव येणार, हे तोवर त्यांनी साऱ्या राजुऱ्याला सांगून टाकलं होतं.

जंगलातही त्यांनी लग्नघरचे सगळे रिवाज पाळले. चितळांच्या कळपाला ते 'पाहुणेमंडळी' म्हणत. रानडुकरानं पाठ फिरवली, तर "जरा इकडं पाहा जी" असं अदबीनं विनवत. पाणवठ्यावर मोरानं पिसारा फुलवला की तो आपणहून मिटेपर्यंत ते कॅमेरा हलवत नसत. एकदा मागच्या बाजूला चक्क अस्वल पाण्यावर आलं. दिग्दर्शिका खुणा करकरून दमली, अस्वल पाणी पिऊन निघूनही गेलं. साडूंचं म्हणणं एकच, "नाचणाऱ्याले मधातच सोडत नसतात, बाई."

खरी ठिणगी पडली ती स्वर्गीय नर्तकाच्या घरट्यापाशी. लांब पांढऱ्या शेपटीच्या या देखण्या पक्ष्यानं नाल्याकाठी, एका शेतकऱ्याच्या बांधावरच्या झाडात, हात पोचेल एवढ्या उंचीवर वाटीसारखं घरटं केलं होतं. आत पिल्लं होती, पण चहूबाजूंनी दाट पानं. कॅमेऱ्यात दिसायचा तो हिरवा काळोख आणि मधूनच उघडलेली एखादी चोच. दिग्दर्शिका म्हणाली, पुढच्या दोन फांद्या काढल्या की उजेड येईल. शेतकऱ्याची हरकत नव्हती. जीपच्या ड्रायव्हरनं कुऱ्हाड आणली. ती पाहताच साडूंनी कॅमेरा बंद केला, कॅसेट काढून खिशात घातली आणि त्या झाडाच्या बुंध्याशी फतकल मारून बसले.

"भाऊ, मुलांना काही दिसलंच नाही तर त्यांना या पक्ष्याबद्दल वाटणार तरी काय?" दिग्दर्शिकेनं विचारलं. तिचंही चुकत नव्हतं.

"बाई, बाळंतिणीच्या खोलीत लाइट लावून शूटिंग करते का कोनी?" साडू म्हणाले. "ह्या उन्हात पिल्लं भाजून जातीन. आन् उघडं पडलं का कावळा टपूनच बसला आहे."

तिनं समजावलं, मी समजावलं. शेवटी वैतागून ती म्हणाली की मी दुसरा कॅमेरामन आणीन, आणि मग मालिकेत तुमचं नाव राहणार नाही. साडूंचा चेहरा एकदम उतरला. नवा शर्ट एव्हाना घामानं पाठीला चिकटला होता. मला वाटलं, आता उठतील.

"नाव काढा," ते म्हणाले. "फांदी नका काढू."

मग त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं की तोडायचीच असेल तर माझ्या डोक्यावर पडेल अशी तोड. आणि डोळे मिटून घेतले. ड्रायव्हरनं कुऱ्हाड गुपचूप जीपमध्ये नेऊन ठेवली. ऊन कलेपर्यंत साडू तसेच बसून राहिले आणि नर-मादी त्यांच्या टकलावरून घास घेऊन ये-जा करत राहिली. बराच वेळ ते पाहत उभी असलेली दिग्दर्शिका अखेर त्यांच्या शेजारी येऊन बसली. आहे त्या उजेडात घ्या, असं ती हळूच म्हणाली.

तो भाग दिवाळीनंतर लागला. साडूंच्या घरात सारी गल्ली जमली होती. पडद्यावर पानं हलत होती, मध्येच पांढरी शेपटी लहरून जाई, पुन्हा पानं. पोरं सरकत सरकत टीव्हीला नाक लावून बसली आणि चोच दिसली की एकमेकांना ढोसू लागली. शेवटी नावांची पाटी आली. साडूंचं नाव तिच्यात नव्हतं. मेहुणी दिग्दर्शिकेवर भडकली. 'नाव काढा' असं आपणच सांगून बसलेल्या साडूंना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ते दुसऱ्याच गोष्टीनं खिन्न झाले होते. "पिल्लाईचा आवाज कुठी गेला, मास्तर?" त्यांनी मला विचारलं. त्या चिवचिवाटावर मुंबईत कोणीतरी बासरी चढवली होती. आणि या वेळी भांडायला समोर कोणीच नव्हतं.

त्यानंतर लग्नाच्या कॅसेटवर सिनेमाची गाणी चढवताना ते एक तुकडा तसाच सोडू लागले. तिथे गाणं नाही. गिऱ्हाइकं कुरकुरत, साडू नाही म्हणत. साडूंना जाऊन आता काही वर्षं झाली. माझ्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग त्यांचंच आहे. बिदाई आली की गाणं थांबतं. बायकांचं मुसमुसणं ऐकू येतं, रस्त्यावरून कोळशाचा ट्रक जातो, कोणीतरी पाणी मागतं. आणि या सगळ्यापेक्षा जवळून, कॅमेऱ्याच्या अगदी मागून, एका भक्कम माणसानं हळूच नाक ओढल्याचा आवाज येतो.