सव्वीस आटे, चौदा आटे

रोज सकाळी कामावर निघताना तुम्ही तुमचं स्वप्न घरी ठेवून निघता का? उत्तर द्यायची घाई करू नका. मी घाई केली होती. ठणकावून उत्तर दिलं होतं, तेही चावीवाल्या नानांसमोर, आणि त्यानंतर जे घडलं ते माझ्या खात्यावर जमा आहे.

नाना जमिनीचं ऐकायचे. आमच्या ठाकुर्लीच्या भागात पाणी सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी, वर आडवी मूठ. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खालच्या व्हॉल्व्हवर बसवायची आणि मूठ गोल फिरवायची. एका फेरीला एक आटा. आटे पुरे झाले की दुसरा माणूस चावी काढून पुढच्या गल्लीत गेला असता. नाना मुठीवर कान टेकवून उभे राहायचे, डोळे मिटून. लोखंडातून वर येणाऱ्या आवाजावरून त्यांना कळायचं की पाणी नीट चाललंय की वाटेत कुठे गळतंय. एकदा त्यांनी एका फरसाणवाल्याला सांगितलं, "शेट, तुमच्या पायरीखाली पाइप रडतो." फरसाणवाला हसला. आठवड्याने पायरी खचली तेव्हा त्याने नानांना बोलावून पाव किलो शेव दिली.

"हवा आधी, पानी मागून," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. व्हॉल्व्ह एकदम उघडायचा नाही, थोडा उघडून दहा मिनिटं थांबायचं, पाइपात अडकलेली हवा जाऊ द्यायची. तोवर आमच्या चाळीतल्या बायका हंडे लावून उभ्या.

"नाना, पाण्याला मुहूर्त बघताय का?"

"हवा काढतो, वैनी. एकदम सोडला तर पाइप फुटंल, मग माझ्या नावानं शंख कराल."

"तो आत्ताही करतोय."

"करा की. फुकट हाय."

नाना मूळचे खाडीकाठच्या गावातले, आगरी. बोलण्यात 'ण' आणि 'ळ' फारसे यायचे नाहीत. बत्तीस वर्षं त्यांनी याच भागात पाणी सोडलं होतं. मी एकदा विचारलं, "नाना, रोज त्याच गल्ल्या, तेच आटे. कंटाळा नाही येत?" त्यांनी खरंच विचार केला. म्हणाले, "त्याच कशा? काल हितला रस्ता खोदलेला नव्हता. परवा त्या इमारतीत मानसं राहायला आली. पाइपाला ते कलतं. तुला नाय कलत?"

तेव्हा मी ठाण्याला एका कुरिअर कंपनीत पाकिटांवरचे पत्ते तपासायचं काम करत होते. त्या कामाचा मला राग होता आणि तो मी लपवत नव्हते. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील कामगार संघटनेत होते, कपाटाच्या वरच्या खणात पत्रकांचे गठ्ठे असत, मी त्यांवरच वाचायला शिकले. त्यामुळे मला खात्री होती की माझं खरं काम लिहिणं, आणि नोकरी म्हणजे दिवसातून चोरीला गेलेले नऊ तास.

"माझं स्वप्न मी घरी ठेवून जाते," मी नानांना ऐकवलं. "कंपनीला ते द्यायचं नाही."

"बरं करतेस. पन पत्ते तपासतेस ना? ठान्याच्या किती गल्ल्या पाठ झाल्या?"

एकही नाही, हे मला सांगवलं नाही.

नानांचं स्वप्न मात्र कामाच्या आतच बसलेलं होतं. तरुणपणी त्यांनी नकाशे काढायचं शिक्षण घ्यायला सुरुवात केली होती. वर्षभर शिकले, वडील गेले, शिक्षण सुटलं, पाणीखात्यात लागले. पण वर्षभरात एक गोष्ट डोक्यात बसली होती. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली तीन चौकोन असतात: रेखाटन, तपासणी, मंजुरी. पहिल्या चौकोनात आपलं नाव असलेला एक तरी सरकारी नकाशा असावा, एवढंच त्यांना हवं होतं. आणि या भागाच्या पाण्याच्या लाइनींचा धड नकाशा कुणाकडेच नव्हता. जुन्या लोकांच्या आठवणीवर काम चालायचं, लोक निवृत्त झाले की आठवणही जायची.

म्हणून नाना रोज पाणी सोडता सोडता खिशातल्या डायरीत मापं टिपायचे आणि रविवारी घरी पाटावर कागद ताणून रेघा मारायचे. सात कागदांत सगळा भाग बसणार होता. सहा झाले होते. सातवा आमच्या गल्लीचा आणि तिच्या मागच्या बाजूचा. निवृत्तीला आठ महिने होते. "हा झाला की सायबासमोर सातही ठेवतो," ते म्हणाले. "चाकरीत असतानाच ठेवले पायजेत. नंतर कोन चौकोनात नाव घालतो?"

मी त्यांना सरळ सांगितलं की हे स्वप्न फार लहान आहे. ते म्हणाले, "मावतं मला."

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीचं पाणी फारच कमी झालं. समोरच्या टॉवरना मात्र धो धो. चार सकाळी मी नानांच्या मागे मागे फिरले आणि आटे मोजले. टॉवरच्या व्हॉल्व्हला सव्वीस. आमच्या व्हॉल्व्हला चौदा. चारही दिवस तेच. मला पुरावा मिळाला होता. त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं. मथळा: 'त्यांना सव्वीस, आम्हाला चौदा.' नानांचं नाव घातलं नाही, पण 'चावी ज्याच्या हातात, न्याय त्याच्या खिशात' असं वाक्य घातलं आणि ते मला फार आवडलं. पाचशे प्रती छापल्या. कल्याणपर्यंत वाटल्या.

नानांनीही पत्रक वाचलं. दुसऱ्या दिवशी पाणी सोडताना मी समोर उभी होते. त्यांनी नेहमीसारखा कान टेकवला, ऐकलं, चावी उचलली. मला वाटलं, बोलायला तोंड नाही.

पंधरा दिवसांत वॉर्ड ऑफिसने त्यांना रस्त्यावरून काढून तक्रार नोंदवायच्या टेबलावर बसवलं. चौकशी होईपर्यंत चावी हातात घ्यायची नाही. चावी नाही म्हणजे झाकणं उघडणं नाही, मापं नाहीत, सातवा कागद नाही. हे मला त्या दिवशीही कळत होतं. मी स्वतःला समजावलं की न्यायापुढे एका माणसाचा कागद मोठा नाही.

नवा माणूस आला. पहिल्याच सकाळी अख्खी चाळ घेऊन मी त्याच्यासमोर उभी राहिले.

"टॉवरला किती देता?"

"सव्वीस."

"मग इथेही सव्वीस."

"मॅडम, हा चौदाला बसतो. पुढे फिरत नाही."

"आजवर फिरवला नाही म्हणून फिरत नाही. लावा जोर."

मागून सगळे ओरडत होते. बिचाऱ्याने जोर वाढवायला चावीच्या मुठीवर पाइपचा तुकडा चढवला, दोन पोरांना लटकवलं आणि रेटलं. खालून कट् असा आवाज आला आणि चावी मोकळी गरगर फिरली. व्हॉल्व्हचा दांडा तुटला होता. आतली झडप खाली पडून अडकली आणि आमच्या गल्लीत जे काय येत होतं तेही बंद झालं.

तक्रार करायला मीच गेले. टेबलामागे नाना.

"नाव सांग."

"नाना, तुम्हाला माहीत आहे."

"फॉर्मला माहीत नाय."

मी नाव सांगितलं. त्यांनी ते लिहिलं, आणि तेव्हा मी त्यांचं अक्षर पहिल्यांदा पाहिलं. एकेक अक्षर पट्टीने मारल्यासारखं. 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मी झालं ते सगळं सांगितलं, माझा हट्टही. ते लिहीत राहिले. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "चौदा बरोबर मोजलेस. सव्वीस पन बरोबर. मोजनीत खोट नाय. पन पोरी, तुमचा व्हॉल्व्ह चार इंची, तो चौदा आट्यांत पुरा उघडतो. त्यांचा आठ इंची, त्याला सव्वीस लागतात. दोन्ही मी पुरेच उघडत होतो. तू आटे मोजलेस, पाइप नाय मोजलास."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठं? छापून आनलंस." मग म्हणाले, "राग खरा होता तुझा. साठ घरं चार इंचावर कोनी टाकली, ते विचारायचं होतं. ते विचारायला वर जावं लागतं. मी खाली होतो, हाताशी."

माझ्या आयुष्यात मला इतक्या हळू आवाजात कुणी सुनावलेलं नाही.

व्हॉल्व्ह बदलायचा तर आधी त्याच्या मागचा मोठा व्हॉल्व्ह बंद करायला हवा होता, आणि तो सिमेंटच्या नव्या रस्त्याखाली गेलेला. कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. टँकरवर तीन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी ज्युनिअर इंजिनिअर मॅडम तक्रारीचा फॉर्म बघून टेबलापाशी आल्या. नानांनी पिशवीतून सहावा कागद काढला. पिठाच्या गिरणीच्या पायरीपासून नऊ फूट, गटाराच्या कडेपासून चार. मॅडमनी तिथे रस्ता फोडायला लावला. पहिल्याच खड्ड्यात झाकण लागलं. मॅडमनी विचारलं, "हे कुणी काढलं?" नाना म्हणाले, "अजून एक बाकी हाय."

मी दुसरं पत्रक काढलं. तेवढ्याच प्रती, त्याच घरांत, या वेळी खाली माझं नाव. चूक काय झाली, चार इंच म्हणजे काय, प्रश्न कुणाला विचारायचा. वडिलांनी ते दोनदा वाचलं. "पहिल्यापेक्षा बरं लिहिलंयस," म्हणाले. "पण पहिलं लोकांनी जपून ठेवलंय. हे रद्दीत जाईल." तसंच झालं. आजही चाळीतले दोघे-तिघे नानांबद्दल 'सव्वीस-चौदावाला' म्हणतात, आणि प्रत्येक वेळी मला ते पहिल्यापासून समजावून सांगावं लागतं. सांगते.

चौकशी मिटली, नानांना चावी परत मिळाली तेव्हा हातात तीन महिने उरले होते. रविवारी सकाळी मी मापाच्या टेपचं दुसरं टोक धरायला जायचे. ते बोलत कमी, थांबत जास्त. एका झाकणापाशी अर्धा तास गेला, कारण पाइप उजवीकडे वळतो असं सगळे म्हणत आणि त्यांच्या कानाला तो डावीकडे ऐकू येत होता. डावीकडेच होता. त्या अर्ध्या तासात मला कळलं की हा माणूस निवृत्तीची वाट बघत नाहीये. सोमवारी ऑफिसात पाकिटं हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा पत्ते वाचले. आता मला ठाण्यातल्या कोपरीपासून कोलशेतपर्यंतच्या कितीतरी गल्ल्या पाठ आहेत, आणि माझं लिहिणं त्यामुळे कमी झालेलं नाही, उलट त्यात पत्ते आले आहेत.

सातवा कागद वेळेत पुरा झाला. मॅडमनी सातही कागद मंजुरीला पाठवले. बाहेरच्या एका एजन्सीने ते संगणकावर उतरवले आणि नानांच्या शेवटच्या दिवशी मोठा छापील नकाशा ऑफिसच्या भिंतीवर लागला. नानांनी चष्मा पुसला, उजव्या कोपऱ्याशी वाकले. तपासणी, मॅडम. मंजुरी, साहेब. रेखाटन या चौकोनात त्या एजन्सीचं नाव होतं.

नाना सरळ झाले. मग त्यांनी आमच्या गल्लीवर बोट नेऊन बघितलं, व्हॉल्व्ह चार इंची दाखवलाय का. दाखवला होता. "रेघा बरोबर उतरल्यात," म्हणाले. मग बाहेर जाऊन चावी नव्या माणसाला दिली आणि हवा आधी कशी काढायची ते त्याला पुन्हा एकदा सांगितलं.

मी संतापले होते. "नाना, मी पत्रक काढते."

"काढ," ते म्हणाले. "या टायमाला आधी पुरं मोजून घे."

नाना आता खडवलीला मुलीकडे राहतात. रेखाटनाचा पाट त्यांनी सोबत नेला आहे. मी मात्र त्यांनी सांगितल्याप्रमाणे मोजून घेतलं. मूळ सातही कागद ऑफिसच्या कपाटात आहेत, मी ते मागून पाहिले. सगळ्या मापांचं अक्षर तक्रारीच्या फॉर्मवरच्या अक्षराशी जुळतं. मॅडमनी मला लेखी दिलं आहे की नकाशा या कागदांवरूनच उतरवला, एजन्सीने एकही माप स्वतः घेतलं नाही. एजन्सीलाही विचारलं. त्यांच्या संगणकावर तो चौकोन आपोआप भरला जातो, कुणी हेतूने काही केलेलं नाही, आणि बदलायला त्यांची हरकत नाही. फक्त तशी मागणी नोंदलेली हवी. माझा एकटीचा अर्ज पडून आहे.

तेव्हा आमच्या भागात नळाचं पाणी भरणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. या आठवड्यात वॉर्ड ऑफिसात जा. भिंतीवरचा नकाशा बघा, तुमची गल्ली शोधा. मग तक्रारीच्या टेबलावरून एक कोरा फॉर्म घ्या आणि त्यावर एवढंच लिहा की रेखाटनाच्या चौकोनातलं नाव दुरुस्त करावं. 'नाना' लिहू नका, फॉर्मला ते माहीत नाही. बाळाराम गोमा म्हात्रे, असं लिहा.